लहानपणचा ‘प्रिन्स’ या वेळी राजकन्येपर्यंत न्यायचा असेल तर

नव्वदीच्या दशकात गोव्यातल्या शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलायस का? लगेच हो म्हणेल. तलवार कुठे पडलेली असते, पहिला शिपाई कसा मारायचा, सगळं सांगेल. मग विचारा, राजकन्येपर्यंत पोचलास का? तिथे विषय बदलतो.

यात कुणाचा दोष नव्हता. या खेळाला तासाभराची मुदत आहे आणि कंप्युटरचा तास कधीच साठ मिनिटांचा नसायचा. त्यात एका मशीनवर तिघं आणि बाईंची पाठ वळेपर्यंत थांबणं. खेळ सेव्ह करता येतो, पण तिसऱ्या लेव्हलपासून पुढे. सेव्ह केलेली फाइल पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये टिकेल याची खात्री नाही ती नाहीच. म्हणजे गणितानेच आपण हरलेलो होतो. पुढे गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीत घरी कंप्युटर आला तोवर नवे खेळ आले होते आणि ‘प्रिन्स’ मागे पडला.

आता सलग एक तास मिळू शकतो. तयारीला एक संध्याकाळ आणि सरावाला आणखी काही संध्याकाळी धरल्या तर हा खेळ नक्की संपवता येतो. ज्यांना डॉसबिस (विंडोजच्या आधीची कंप्युटरची प्रणाली) काही आठवत नाही त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो.

1. आधी ठरवा, तुमचा ‘प्रिन्स’ कोणता

या नावाचे खेळ बरेच आहेत. आपला तो जॉर्डन मेक्नर या तरुणाने बनवलेला, ब्रॉडरबंड कंपनीने 1989 मध्ये ॲपल टू या मशीनसाठी काढलेला. लॅबमध्ये होती ती त्याची 1990 ची डॉस आवृत्ती. बाजूने दिसणारा पांढऱ्या कपड्यांतला पोरगा, तळघर, जाळीची दारं, जमिनीतून वर येणारे सुळे. हे आठवत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

काळाची वाळू उलटी फिरवणारा खंजीर आणि भिंतीवरून धावणारा राजपुत्र आठवत असेल, तर तो 2003 चा ‘द सँड्स ऑफ टाइम’. तो आजही स्टीम किंवा जीओजी या खेळ विकणाऱ्या साइटवर विकत मिळतो. तिथून घ्या आणि खेळा. त्याला पुढची खटपट लागत नाही.

2. काय काय लागेल

- विंडोजचा कुठलाही चालू लॅपटॉप. दहा वर्षं जुना असला तरी पुरे.
- वेगळा, तारेचा कीबोर्ड, उजवीकडे आकड्यांच्या कळा असलेला. लॅपटॉपच्या कळांवर खेळता येतं, पण मजा येत नाही.
- डॉसबॉक्स किंवा एसडीएलपॉप. दोन्ही फुकट आहेत. कुठलं घ्यायचं ते चौथ्या पायरीत.
- जुनी फ्लॉपी असेल आणि तीच वाचायची हौस असेल, तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह.
- वही आणि पेन्सिल. दारं आणि ती उघडणाऱ्या लाद्या कुठे आहेत त्याचा नकाशा काढायला. मोबाइलवर फोटो काढून जमत नाही, हातानेच काढा.
- पावसाळ्यात खेळणार असाल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली, किंवा इन्व्हर्टर. जूनमध्ये वीज कधी जाईल हे मी गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

मूळ खेळासोबत आलेलं छापील पुस्तक घरात कुठे पडलेलं असेल तर तेही शोधून ठेवा. का, ते पुढे येईल.

3. माळ्यावरची फ्लॉपी: घाई करू नका

ही पायरी सक्तीची नाही. फ्लॉपीबिप्पी काही नसेल तर थेट चौथ्यावर जा. पण पेटाऱ्यात डबा सापडलाच असेल, तर तो लगेच उघडून फ्लॉपी ड्राइव्हमध्ये खुपसू नका.

आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने ओल असते. त्या ओलीत पुस्तकांना, कॅमेऱ्याच्या भिंगांना, चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तशी फ्लॉपीच्या आतल्या चकतीलाही येते. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं झाकण हलकेच बोटाने सरकवा आणि उजेडात चकती बघा. तपकिरी-काळी आणि एकसारखी चमकदार दिसली तर बरं. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर दोन नुकसानं होतात. चकतीवरचा लेप खरवडला जातो आणि माहिती कायमची जाते. शिवाय ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याला ती घाण चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात.

थोडीशी बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने चकती फिरवत फिरवत हलक्या हाताने पुसतात आणि पूर्ण वाळू देतात. हा उद्योग पावसात नकोच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा. पुसण्याआधी त्याच डब्यातल्या एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीवर हात बसवून घ्या.

फ्लॉपी आत घालण्याआधी मागची छोटी काळी खिट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. हे विसरलात तर आजचं विंडोज आपल्या खुणा त्यावर उमटवायला बसतं.

मग खेळ फ्लॉपीवरून चालवायचा नाही. सगळ्या फाइल्स आधी लॅपटॉपवर घ्या, अँटिव्हायरस फिरवा आणि नंतर उघडा. त्या काळच्या लॅबच्या फ्लॉप्यांवर व्हायरस फुकट यायचा. फाइल्स घेताना ‘प्रिन्स’ नावाची, शेवटी ईएक्सई असलेली एकटी फाइल उचलू नका. तिच्यासोबत डॅट शेवटाच्या बऱ्याच फाइल्स असतात, त्यांत चित्रं, आवाज, लेव्हली असतात. त्या नसतील तर खेळ सुरूच होत नाही आणि माणूस उगीच डॉसबॉक्सला शिव्या घालतो. सगळा खेळ 1.44 एमबीच्या एका फ्लॉपीत मावायचा, तेव्हा फोल्डर उचलायला वेळ लागत नाही.

सव्वापाच इंची, मोठी लवचीक फ्लॉपी असेल तर तिच्यासाठी यूएसबीचा साधा ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. जुनं मशीन चालू असलेला कुणी ओळखीचा सापडला तर ठीक, नाहीतर ती आठवण म्हणून ठेवा.

फ्लॉपी वाचलीच नाही तरी निराश व्हायचं कारण नाही. खुद्द मेक्नरचा मूळ प्रोग्रॅम बरीच वर्षं हरवला होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या वाचून दिल्या आणि त्याने तो मूळ प्रोग्रॅम सगळ्यांसाठी गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवर ठेवला. मूळ ॲपल टूचा प्रोग्रॅम कसा लिहिला होता हे आज कुणीही वाचू शकतो. तो खोका वर्षानुवर्षं आपल्या कोकणी हवेत राहिला असता तर काय झालं असतं, देव जाणे.

4. चालवायचं कशात

जुनी फाइल दोनदा दाबून खेळ उघडणार नाही. डॉसचे कार्यक्रम सोळा-बिटी, आजचं विंडोज चौसष्ट-बिटी, त्यामुळे ‘हा कार्यक्रम या संगणकावर चालू शकत नाही’ अशा अर्थाची पाटी येते. लॅपटॉप बिघडलेला नाही. तीन वाटा आहेत.

ब्राउझर. इंटरनेट आर्काइव्हच्या डॉस संग्रहातले खेळ थेट ब्राउझरमध्ये उघडतात. दहा मिनिटं जुनं चित्र बघून घ्यायला ही वाट उत्तम. पण संपवायचा असेल तर या वाटेला जाऊ नका. खेळातल्या बऱ्याच आज्ञा कंट्रोलच्या कळेवर आहेत आणि ब्राउझरच्याही. कंट्रोल आणि एल म्हणजे खेळात सेव्ह केलेला डाव उघडणं, ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीवर उडी. कंट्रोल आणि आर दाबलंत तर पान नव्याने उघडतं आणि पाऊण तासाची मेहनत गेली.

डॉसबॉक्स. हा तुमच्या लॅपटॉपमध्ये जुना डॉसचा कंप्युटर उभा करतो. आज्ञा आठवत नसतील तर ‘प्रिन्स’ची ईएक्सई फाइल माउसने ओढून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडा, खेळ सुरू होतो. ऑल्ट आणि एंटरने पडदाभर होतो. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ-दहा. एफ-दहाच्या शेजारच्या एफ-नऊपासून मात्र सांभाळा, कंट्रोल आणि एफ-नऊ म्हणजे डॉसबॉक्स न विचारता बंद. राजपुत्र बुटका-जाडा दिसत असेल तर रुंद पडद्यावर चित्र ताणलं गेलंय. मूळ चित्र 320 बाय 200 ठिपक्यांचं, जुन्या चौकोनी मॉनिटरसाठी. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ची ओळ ‘ट्रू’ करा, पोरगा पुन्हा सडपातळ होतो.

एसडीएलपॉप. डॉस आवृत्ती उलगडून आजच्या मशीनसाठी पुन्हा उभारलेली ही आवृत्ती. झिप उलगडा, आतली फाइल दाबा, संपलं. एफ-सहाने कुठेही डाव जपून ठेवता येतो आणि एफ-नऊने परत आणता येतो. बॅकस्पेसने सेटिंग उघडतात. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: हीच घ्या. डॉसबॉक्स नंतर, जुना अनुभव तसाच्या तसा हवा असेल तेव्हा.

एक सांगून ठेवतो. खेळ जुना झाला म्हणून फुकट झाला असं नाही, त्याचे हक्क अजून कुणाच्या तरी मालकीचे आहेत. आणि ‘जुने शंभर खेळ एकत्र’ असं सांगणाऱ्या अनोळखी साइटवरून इन्स्टॉलर उतरवलात तर खेळ येवो न येवो, ब्राउझरमध्ये तीन नव्या पट्ट्या मात्र नक्की येतील.

5. कीबोर्ड आधी ताब्यात घ्या

सगळा खेळ बाणांच्या कळा आणि शिफ्ट यांवर चालतो. शिफ्टने तलवारीचा घाव, शिफ्टने वस्तू उचलणं, शिफ्ट धरून काठाला लटकणं, शिफ्ट धरून जपून पाऊल टाकणं.

आणि इथेच विंडोज आडवं येतं. शिफ्ट पाच वेळा पटापट दाबली की ‘स्टिकी कीज’ची पाटी पडद्यावर येते. शिपायाशी लढताना पाच वेळा शिफ्ट दाबायला दोन सेकंद लागतात. पाटी येते, खेळ मागे जातो, राजपुत्र मरतो. सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात कीबोर्डखाली हा पर्याय असतो, तिथे शिफ्टचा शॉर्टकट बंद करा. हे काम पहिल्या दिवशीच करा.

दुसरी तपासणी: शिफ्ट, वरचा बाण आणि उजवा बाण एकदम धरून बघा. स्वस्त कीबोर्ड काही तीन कळा एकत्र ओळखत नाहीत. धावत उडी मारून समोरचा काठ पकडायला नेमक्या याच लागतात. जमत नसेल तर दुसऱ्या बाजूची शिफ्ट वापरून बघा. तेही नाही तर आकड्यांच्या कळा: तिथे सात आणि नऊ म्हणजे डाव्या-उजव्या बाजूची उडी, एकाच बोटाने.

6. पहिल्या संध्याकाळी नुसतं चालायला शिका

पहिल्या मिनिटात तुम्हाला वाटेल की खेळ अडखळतोय. कळ सोडली तरी पोरगा दोन पावलं पुढे जातो, वळायला वेळ घेतो. मशीन ठीक आहे. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला, लटकायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र बनवलं. म्हणून पोराला खऱ्या माणसासारखं वजन आहे. धावता माणूस जागच्या जागी थांबत नाही. मोबाइलवरच्या खेळांची सवय झालेल्या बोटांना हे नवं वाटतं. उपाय एकच, कळ एक पाऊल आधी दाबायची.

पहिल्या लेव्हलमध्ये घड्याळ विसरून ह्या गोष्टी घोटून घ्या:

शिफ्ट धरून बाण दाबलात की पोरगा एकेक जपून पाऊल टाकतो आणि काठाशी येऊन थांबतो. धावत उडी नेहमी इथून मोजायची: काठापर्यंत जपून जा, मग मागे वळून धावायला पुरेशी जागा घ्या.

जागच्या जागी उभी उडी मारलीत की त्या खोलीतल्या सैल लाद्या खडखडतात. कुठली लादी पायाखालून जाणार हे कळण्याचा हा फुकटचा मार्ग आहे आणि तो लहानपणी फारच थोड्यांना माहीत होता.

एक मजला पडलात तर काही होत नाही. दोन मजले पडलात तर एक लाइफ जाते. तीन मजले म्हणजे मरण. त्यामुळे खाली उतरताना काठाला पाठ करा, शिफ्ट धरून लटका आणि मग सोडा.

सुळ्यांमधून जपून चालत जाता येतं. धावत गेलात किंवा वरून पडलात तरच ते टोचतात. भिंतीतल्या कातरीला मात्र चाल उपयोगी नाही. तिच्या अगदी जवळ जपून उभं राहायचं, मिटून उघडली की एक पाऊल.

तलवार आधी शोधा. तलवार नसताना पहिल्या शिपायासमोर गेलात तर पहिल्याच घावात खेळ खलास, तीन लाइफ असल्या तरी. लढताना वरच्या बाणाने त्याचा वार अडवा आणि लगेच शिफ्ट मारा. नुसती शिफ्ट बडवत राहणारे दुसऱ्या लेव्हलमध्ये मरतात.

बाटल्यांचं सांगायचं तर, लाल बुडबुडे म्हणजे औषध, निळे म्हणजे विष, मोठी बाटली म्हणजे एक जास्तीची लाइफ. आपल्या लॅबमध्ये बरेच मॉनिटर काळे-पांढरे होते आणि त्यांवर लाल-निळं काय कळणार? तेव्हा जे नशिबावर सोडलं जायचं ते आता डोळ्यांनी दिसतं.

7. घड्याळ आणि सेव्ह

साठ मिनिटं ही खऱ्या घड्याळाची आहेत. स्पेस दाबलीत की किती उरली ते दिसतं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. त्यामुळे दहादा मरून कशीबशी पार केलेली लेव्हल ही खरं तर पार झालेली नसते, तिचं कर्ज पुढे फिटवावं लागतं.

यावरची युक्ती सेव्हमध्ये आहे. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलंत की लेव्हल आणि उरलेली मिनिटं दोन्ही जपली जातात. पुढच्या वेळी कंट्रोल आणि एलने उघडलंत की त्या लेव्हलच्या सुरुवातीपासून, तेवढ्याच मिनिटांसह सुरू होतं. म्हणजे प्रत्येक लेव्हल सुरू होताच सेव्ह करायचं, मग ती लेव्हल बिनधास्त हिंडून, मरून, वहीत नकाशा काढून समजून घ्यायची. रस्ता पाठ झाला की सेव्ह पुन्हा उघडायचं आणि एका दमात पार व्हायचं. पुढच्या लेव्हलच्या दारात मिनिटं तपासायची, पटली तरच नवं सेव्ह.

पण सेव्हची जागा एकच. नवं केलंत की जुनं पुसलं जातं. म्हणून नवं करण्याआधी खेळाच्या फोल्डरमधली सेव्हची फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा आणि नावात लेव्हलचा आकडा टाका. नवव्या लेव्हलला आल्यावर कळतं की पाचवीतच उधळपट्टी झाली होती, तेव्हा हीच फाइल कामाला येते.

माझा हिशेब: तिसऱ्या लेव्हलला पोचताना पन्नासहून जास्त मिनिटं हातात हवीत, बाराव्याला निदान दहा. त्याहून कमी असतील तर मागे जा, पुढे रेटू नका.

एसडीएलपॉपचं एफ-सहा, एफ-नऊ सरावाला वापरा. शेवटच्या खऱ्या डावात वापरायचं की नाही हे तुमच्या आणि तुमच्या लहानपणच्या मित्रांच्या मध्ये राहू द्या.

8. जिथे हमखास अडकायला होतं

इथे काही गुपितं फुटणार आहेत. स्वतः शोधायची असतील तर पुढच्या पायरीवर जा.

सुरुवातीच्या एका लेव्हलनंतर अचानक बाटल्यांनी भरलेली, अक्षरं लिहिलेली खोली लागू शकते. ही नकलेविरुद्धची तपासणी. छापील पुस्तकाच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे तीच प्यायची. पुस्तक शोधून ठेवा म्हटलं ते यासाठी.

तिसरी: दार उघडून निघालात की जमिनीवरचा हाडांचा सापळा उठून उभा राहतो. तो तलवारीने मरत नाही. घाव घालत मागे रेटा आणि खाली पाडा. बहुतेकांचं लॅबमधलं आयुष्य इथेच संपलं.

चौथी: बाहेरचं दार उघडल्यावर परतीच्या वाटेवर आरसा उभा असतो, मघाशी नव्हता तो. ढकलून, चढून काही होत नाही. लांबून धावत येऊन उडी मारून त्यातून आरपार जायचं. तुमची सावली दुसऱ्या बाजूने निघून पळते आणि तुमची एकच लाइफ उरते. घाबरू नका, हे असंच आहे.

ही सावली कशी जन्मली तेही सांगण्यासारखं आहे. ॲपल टूच्या मेमरीत राजपुत्राची चित्रं भरल्यावर नव्या शत्रूला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, रंग उलटवून पुन्हा काढली. जागेच्या टंचाईतून आलेला हा शत्रू खेळातला सगळ्यात चांगला शत्रू ठरला.

पाचवीत मोठी बाटली तुमच्या डोळ्यांदेखत सावली पिऊन टाकते. सहाव्या लेव्हलच्या शेवटी जाड्या शिपायाला मारल्यावर सावली जाळीचं दार बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. तो पराभव नाही, सातव्या लेव्हलची वाट तीच.

आठवीत दार उघडून परत येता येता तुम्ही कोंडले जाता. लोक इथे कंटाळून लेव्हल पुन्हा सुरू करतात. करू नका. थांबा. राजकन्येने पाठवलेला उंदीर येऊन लादी दाबतो.

नववीत एका बाटलीने सगळा पडदा उलटा होतो. मॉनिटर हलवू नका.

बारावीत सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलेला प्रत्येक घाव तुम्हालाच लागतो. खालचा बाण दाबून तलवार म्यान करा आणि तिच्याकडे चालत जा, दोघं एक होता. मग समोर जी पोकळी दिसते तिच्यावरून सरळ धावा. उडी मारू नका, पायाखाली जमीन येत जाते. नंतर जाफर, राजकन्येला कोंडणारा वजीर. त्याच्याकडे जाताना छताच्या लाद्या कोसळतात, तेव्हा धावत राहा आणि त्याच्याशी लढताना घाई करून अंगावर जाऊ नका. त्याला मारलंत की घड्याळ थांबतं, मग उरलेली वाट आरामात चाला.

9. चीटबद्दल

जुन्या आवृत्तीत खेळ सुरू करताना फाइलच्या नावापुढे ‘मेगाहिट’ लिहिलं की चीट चालू होतात: अधिकच्या लाइफ, शिपाई मारणं, मिनिटं वाढवणं. नंतरच्या डॉस आवृत्त्यांत तोच शब्द ‘इम्प्रूव्ह्ड’ असा बदलला. तुमच्यापाशी एक चालत नसेल तर दुसरा लिहून बघा.

चीट न लावताही एक सापळा आहे. शिफ्ट आणि एल दाबलंत तर सुरुवातीच्या लेव्हली ओलांडता येतात, पण घड्याळ पंधरा मिनिटांवर येतं. शेजारी बसलेलं पोर गंमत म्हणून दाबतं आणि मग घरात भांडण. सांगून ठेवा.

माझ्या मते चीटचा एकच रास्त उपयोग: अडकलेली लेव्हल लाइफ वाढवून एकदा हिंडून, नकाशा काढून घ्यायची आणि मग खरा डाव त्याशिवाय खेळायचा.

10. कुणासोबत आणि कधी

गणेशचवथीला सगळी भावंडं घरी जमतात, गणपतीवरची माटोळी बांधून झाली, घुमट-आरती झाली की दुपारी सगळे नेवऱ्या खात लवंडतात. टीव्हीला लॅपटॉप जोडायला याहून चांगली वेळ नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच बसू नका. कीबोर्ड, स्टिकी कीज, पडद्याचं माप आधी तपासून ठेवा, नाहीतर वीस मिनिटं केबल शोधण्यात जातात आणि पोरं मोबाइल उघडतात. टीव्हीला ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. नाहीतर कळ दाबणं आणि पोरगा हलणं यांत फरक पडतो आणि या खेळात तेवढा फरक जीवघेणा आहे.

लेव्हली वाटून घ्या. एकाने लढायचं, एकाने नकाशा धरायचा, एकाने मिनिटं बघायची. लहान मुलांना आधी पहिली लेव्हल द्या. रक्त आहे, सुळ्यांवर पडलेला राजपुत्र आहे, तेव्हा अगदी चिमुरड्यांना नको.

खेळ संपला आणि हात शिवशिवत राहिले तर दोन वाटा आहेत. एसडीएलपॉपमध्ये ‘मॉड्स’ नावाचा फोल्डर आहे, त्यात लोकांनी बनवलेल्या नव्या लेव्हली टाकून खेळता येतात. बऱ्याचशा मूळ खेळापेक्षा कितीतरी अवघड आहेत, म्हणून सोपी असं लिहिलेली एखादी निवडून सुरू करा. दुसरी वाट 1993 चा दुसरा भाग, ‘द शॅडो अँड द फ्लेम’. तो एसडीएलपॉपमध्ये चालत नाही, त्याला डॉसबॉक्सच लागतो. त्यात मुदत पंचाहत्तर मिनिटांची आहे आणि शिपाई एकामागून एक अंगावर येतात, तेव्हा नवी वही घ्या.